खुलं पत्र : आधी गाडी नीट चालवा, मग माणसं मोजा

गेइबी रेल्वेमार्ग पुनर्रचना परिषदेच्या सर्व सदस्यांना,

स. न. वि. वि.

या पत्राची जपानी प्रत तुमच्याकडे वेगळी पोचेल. ही मराठी प्रत माझ्या माणसांसाठी आहे. आमच्याकडे जपानची रेल्वे म्हटलं की मुंबई–अहमदाबादची बुलेट ट्रेन, तिचे ५०८ किलोमीटर आणि सेकंदाबरहुकूम चालणारं वेळापत्रक एवढंच डोळ्यांपुढे येतं. त्याच देशात हिरोशिमाच्या डोंगरांत एक डबा बांबूच्या फांद्या घासत सायकलच्या वेगाने सरकतो आणि तो बंद करावा का, यावर सरकारी बैठका चालल्यात, हे इकडच्या कुणालाच ठाऊक नसतं. ते ठाऊक व्हावं आणि तुमच्यापर्यंत परत ऐकू यावं, म्हणून हे उघड्यावर लिहितो आहे.

मी हिरोशिमात अकरा वर्षं राहतो. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कामाला आहे. म्हणजे ज्या धंद्याने या गाडीचे प्रवासी पळवले, त्याच धंद्यावर माझी भाकरी शेकली जाते. हे आधीच सांगून टाकतो, नंतर कुणी काढून दाखवायला नको.

याच गेइबी मार्गावरचं बिंगो-ओचिआइ स्टेशन मला पहिल्यांदा दिसलं ते फेब्रुवारीत. मियोशीहून निघालेला एकच डबा, आत भिंतीला लागून लांब बाकं, चालवणारा एकटा माणूस, तिकीट बघणाराही तोच. साधारण साडेचारशे मीटर उंचीवर, दोन्ही बाजूंनी डोंगर अंगावर आलेले, मधे एवढंसं सपाट, आणि त्या सपाटीवर न शोभण्याइतकं मोठं स्टेशन. फलाट लांबच लांब. बाजूला गवतात बुडालेले जुने रूळ, इंजिन फिरवायची गोल चकती. कौलारू इमारतीत जुने फोटो लावलेले. दुपारी दोन-अडीचच्या सुमारास तीन दिशांनी तीन एकडबी गाड्या आल्या : एक मियोशीकडून, एक निइमीकडून, एक किसुकी मार्गाने शिमानेच्या बाजूने. दहा-पंधरा मिनिटं स्टेशनात जान आली. माणसं एका डब्यातून उतरून दुसऱ्यात चढली, तिन्ही गाड्या पांगल्या आणि पुन्हा सगळं चिडीचूप. बर्फ छपरावरून घसरल्याचा आवाज तेवढा आला.

मला तिथे गाव आठवलं. माझं गाव कारंजा (लाड), विदर्भात. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी ‘शकुंतला’ आमच्या स्टेशनावरून जायची. अडीच फुटी रूळ. १९९४ पर्यंत मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन, मग डिझेलचं. गार्डच खाली उतरून तिकिटं द्यायचा. माझी आजी रोज पडवीतून विचारायची, “शकुंतला गेली का रे?” तिला कुठेही जायचं नसायचं. गाडी गेली की ती चहा टाकायची, एवढाच संबंध. मग गाडीचा वेग कमी झाला, मग फेऱ्या, मग “कुणी बसतच नाही” असं सगळे म्हणू लागले. आम्हीही म्हणू लागलो. गाडी थांबली तेव्हा रुंदीकरण होणार, मोठी गाडी येणार असं सांगितलं गेलं. आजी गेली, मोठी गाडी अजून यायची आहे. म्हणून “कुणी बसतच नाही” हे वाक्य मी परक्या मुलखात परक्या भाषेत ऐकलं, तेव्हा लगेच ओळखलं.

आता तुमच्याकडे वळतो.

एप्रिल २०२२ मध्ये हा मार्ग चालवणाऱ्या जेआर वेस्ट या रेल्वे कंपनीने तोट्यातल्या मार्गांचे आकडे जाहीर केले. तोजो ते बिंगो-ओचिआइ हा २५.८ किलोमीटरचा तुकडा त्यात तळाला होता. १९८७ मध्ये, सरकारी रेल्वेचे तुकडे होऊन खासगी कंपन्या झाल्या त्या वर्षी, इथून दिवसाला सरासरी ४७६ माणसं जायची. २०१९ मध्ये ११. शंभर येन मिळवायला २५,४१६ येन खर्च. हा शेवटचा आकडा इतका गाजला की लोक तो विनोदासारखा सांगतात. पुढे १ ऑक्टोबर २०२३ ला अशा मार्गांचं काय करायचं ते ठरवणाऱ्या परिषदांचा नवा कायदा लागू झाला, कंपनीने दोन दिवसांत परिषदेसाठी अर्ज केला आणि २६ मार्च २०२४ ला तुमची पहिली बैठक झाली. देशातली अशी पहिली परिषद. बिंगो-शोबारा ते बित्चू-कोजिरो, एकूण ६८.५ किलोमीटर तुमच्यापुढे आहेत आणि साधारण तीन वर्षांत निर्णय अपेक्षित आहे.

आकडे खोटे आहेत असं माझं म्हणणं नाही. ते कशाचे आकडे आहेत, एवढंच मला विचारायचं आहे.

पहिली तक्रार त्याचीच. या मार्गावर जागोजागी वेगमर्यादेच्या पाट्या आहेत : ताशी २५, काही ठिकाणी १५. दरड पडायची किंवा झाड आडवं यायचं भय असलेल्या जागी कठडे बांधण्यापेक्षा गाडी सावकाश नेणं स्वस्त, म्हणून. रेल्वेवेडे लोक या प्रकाराला कौतुकाने ‘हिस्सात्सु जोको’ म्हणतात, म्हणजे ‘रामबाण मंदगती’. त्यांना मजा वाटते. शोबाराच्या दवाखान्यात जायला निघालेल्या म्हातारीला नाही वाटत. त्यात तोजो आणि बिंगो-ओचिआइच्या मधे दिवसाला तीनच फेऱ्या : एक भल्या सकाळी, एक दुपारी, एक रात्र पडल्यावर. दुपारची चुकली तर रात्रीपर्यंत बसा. शिवाय महिन्यातून एखाद्या दिवशी देखभालीसाठी दिवसाच्या गाड्या बंद. अशा गाडीत दिवसाला अकरा माणसं बसतात याचंच मला आश्चर्य वाटतं. विहिरीवरचा दोर काढून घ्यायचा आणि मग कुणी पाणी भरत नाही म्हणून विहीर बुजवायची, असा हा हिशेब आहे.

दुसरी तक्रार छोटी आहे. २५,४१६ हा आकडा २०१७ ते २०१९ या तीन आर्थिक वर्षांच्या सरासरीचा. जुलै २०१८ च्या पुरात हिरोशिमाच्या बाजूला मिसासा नदीवरचा पूल वाहून गेला आणि गेइबी मार्ग सलग पुन्हा सुरू झाला तो २३ ऑक्टोबर २०१९ ला. म्हणजे सरासरीतला मोठा काळ असा होता की हिरोशिमाहून थेट इथवर गाडीने येताच येत नव्हतं. आकड्याखाली एवढी एक ओळ लिहायला किती शाई लागली असती?

तिसरी तक्रार जास्त जिव्हारी लागते, कारण ती स्टेशनाच्या अस्तित्वाचीच आहे. बिंगो-ओचिआइ हे गाव म्हणून कधीच मोठं नव्हतं. ते जंक्शन म्हणून जन्मलं. डिसेंबर १९३५ मध्ये पश्चिमेकडून रूळ आले, १९३६ मध्ये पूर्वेकडचा सांधा जुळला, डिसेंबर १९३७ मध्ये किसुकी मार्ग येऊन मिळाला. शंभरावर रेल्वे कामगार इथे राबायचे. हिरोशिमाहून मात्सुएकडे जाणारी ‘चिदोरी’ एक्स्प्रेस इथून डोंगर ओलांडायची, रात्रीचीही असायची. इंजिन बदलेपर्यंत लोक फलाटावर ओदेन-उदोन खायचे : उदोनच्या वाडग्यावर रश्शात मुरलेले ओदेनचे तुकडे. ते आता जवळच्या रस्त्यावरच्या उपाहारगृहात मिळतं. मी खाल्लंय. थंडीत बोटं वाडग्याभोवती धरून बसलं की शंभर कामगारांचं स्टेशन कसं असेल याची थोडी कल्पना येते. १९९७ पासून इथे एकही कर्मचारी नाही. झाडलोट, फोटो, फुलं, हे सगळं माजी रेल्वे कामगार आणि गावकरी आपखुशीने करतात.

अशा जंक्शनचा एक हात तुम्ही टेबलावर ठेवलाय आणि त्याचं वजन वेगळं करताय. किसुकी मार्ग तुमच्या विषयपत्रिकेत नाही. मे २०२४ मध्ये त्याच्याही वरच्या भागाबद्दल, इझुमो-योकोता ते बिंगो-ओचिआइ, कंपनीने बोलणी सुरू करायची इच्छा दाखवली. म्हणजे दोन खोल्यांत दोन वेगळ्या बैठका, आणि प्रत्येक खोलीत म्हणायचं की पलीकडचा मार्ग तर जातोच आहे, मग आपला ठेवून काय उपयोग. त्या किसुकी मार्गावर इझुमो-साकानेला गाडी तीन टप्प्यांत पुढे-मागे करत डोंगर चढते. मग येतं मिइनोहारा, ७२७ मीटर, कंपनीच्या सगळ्या जाळ्यातलं सर्वांत उंच स्टेशन. २३ नोव्हेंबर २०२३ ला ‘ओकुइझुमो ओरोची’ ही उघड्या डब्यांची पर्यटक गाडी शेवटची धावली. डबे जुने झाले हे खरं. पण त्यांच्या जागी आलेली गाडी इझुमो-योकोतालाच थांबते, त्या टप्प्यांपर्यंत चढत नाही. पर्यटकांसाठीच मार्ग ठेवायचा म्हणता, तर पर्यटक बघायला येतात तेच वगळलंत.

मिइनोहाराच्या बाजूच्या खिडकीतून खाली ओरोची लूप दिसतो. राष्ट्रीय महामार्ग ३१४ चा तो वेटोळ्यांचा घाटरस्ता १९९२ मध्ये झाला. सुरेख आहे, मीही त्यावरून गाडी चालवली आहे. त्या लाल पुलाने शंभर येन मिळवायला किती येन घातले, हे आजवर कुणी छापलेलं नाही. कारण रस्त्याला तो प्रश्न विचारत नाहीत. रस्ता म्हणजे सोय, रूळ म्हणजे धंदा. ही विभागणी केली कुणी? डोंगराने तर नाही. १९८७ मध्ये सांगितलं गेलं होतं की शहरातल्या गाड्यांच्या आणि शिंकान्सेनच्या कमाईतून डोंगरातले मार्ग चालतील. त्या भरवशावर इथली माणसं गप्प बसली.

इथे माझ्या बाजूचंही कबूल केलं पाहिजे, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. गावकऱ्यांनीही गाडी सोडली. १९८३ मध्ये चुगोकू द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, तोजोहून हिरोशिमाला बस सुसाट जायला लागली, घरटी दोन-दोन मोटारी आल्या. “रेल्वे वाचवा” असा फलक लावणाऱ्याच्या अंगणातही मोटारच असते. आणि आम्ही रेल्वेवेडे! सुट्टीच्या दिवशी डबा भरतो तो आमच्यासारख्यांनी. येतो, तीन गाड्यांचा एकत्र फोटो काढतो, पुढच्या गाडीने परत. गावात दहा येनही खर्च करत नाही. आकडे वाढवायला आमचा उपयोग होतो, मार्ग जगवायला नाही. हे मला कळतं. तरीही ज्यांच्या घरी मोटार चालवणारं कुणी उरलेलं नाही ती म्हातारी माणसं आणि ज्यांचं वय अजून परवान्याचं नाही ती शाळकरी पोरं, हे दोघे कुठल्याच सरासरीत उठून दिसत नाहीत.

चौथी तक्रार बसची. “बस चालवू” हे वाक्य फार सहज म्हटलं जातं. शेजारचा सांको मार्ग, १०८.१ किलोमीटरचा, मार्च २०१८ अखेर बंद झाला. तिथल्या उझुइ स्टेशनाच्या ११६ पायऱ्या मी नंतर चढलो. गावाने ते इतक्या मायेने जपलंय की गलबलून येतं. रुळावर छोट्या ट्रॉलीत बसवून फिरवतात. पण ती ट्रॉली जिथून निघते तिथेच परत येते, कुणाला कुठे पोचवत नाही. रूळ उखडणं सोपं असतं. याच हिरोशिमात काबे मार्गाचा ४६.२ किलोमीटरचा भाग २००३ मध्ये बंद झाला आणि २०१७ मध्ये त्यातला परत आला १.६ किलोमीटर. उलटं उदाहरणही तुमच्या माहितीचं आहे : फुकुशिमातला तादामी मार्ग. जुलै २०११ च्या पुरात मोडला, अकरा वर्षं अर्धवट राहिला, आणि १ ऑक्टोबर २०२२ ला पूर्ण सुरू झाला. रूळ प्रांताच्या मालकीचे, गाडी कंपनीची. तिथेही प्रवासी थोडेच होते. खर्च प्रांताने आणि गावांनी अंगावर घेतला, हेही खरं. हिरोशिमा आणि ओकायामा प्रांतांनी तो घ्यायचा की नाही हे मी परका सांगणार नाही, पण ते गणित मांडून लोकांपुढे ठेवा एवढं तर म्हणू शकतो.

मधेच एक गोष्ट. याच मार्गावरच्या साइजो भागात १९७० मध्ये डोंगरात माकडासारखं काहीतरी दिसल्याची आवई उठली. लोकांनी त्याला नाव दिलं हिबागोन. तेव्हाच्या साइजो नगरपालिकेने काय करावं? १९७१ मध्ये खास त्यासाठी कचेरीत चौकशी विभाग उघडला, माणूस बसवला आणि १९७५ पर्यंत तो चालवला. ज्याला धड कुणी पाहिलं नाही त्या प्राण्यासाठी चार वर्षं टेबल होतं. रोज खरोखर येणाऱ्या, आधारकाठी घेऊन उतरणाऱ्या माणसांसाठी जंक्शनवर कुणी नाही. तुमच्यापैकी शोबाराचे जे प्रतिनिधी आहेत ते ही गोष्ट वाचून हसतील. हसावंच, मीही हसलो होतो.

आता मागण्या.

एक पूर्ण वर्ष, चारही ऋतूंत, कामाच्या दिवशी वापरता येईल असं वेळापत्रक चालवून बघा. तोजोहून आणि साइजोहून सकाळी निघून शोबारा-मियोशीच्या दवाखान्यात, शाळेत, कचेरीत वेळेवर पोचता यावं आणि दुपारी परत घरी येता यावं, एवढंच. २०२५ च्या उन्हाळ्यात शनिवार-रविवारी जादा गाड्या सोडून प्रयोग केलात, त्याचं स्वागत. पण शनिवार-रविवारी दवाखान्याचा बाह्यरुग्ण विभाग बंद असतो. त्या प्रयोगातून आम्ही छायाचित्रवाले मोजले गेलो, गावकरी नाहीत.

मंदगतीच्या प्रत्येक जागेचा खर्च जाहीर करा. कुठे कठडा हवा, कुठे झाडं तोडायची, कुठे माती धरून ठेवायची, किती येन. संपूर्ण मार्ग सुधारायचा आकडा भीतिदायक असेल, पण सगळ्यांत जास्त वेळ खाणाऱ्या पाच जागांचा असेलच असं नाही. तुमच्या तज्ज्ञांना हे काढणं अवघड नाही.

किसुकी मार्गाला याच टेबलावर बोलवा. शिमाने प्रांताला आणि त्या मार्गावरच्या ओकुइझुमो गावाला खुर्ची द्या. जंक्शनचा निर्णय तिन्ही रस्त्यांच्या माणसांनी मिळून करावा.

बसचाच निर्णय झाला, तर किती वर्षं, किती फेऱ्या, बर्फात काय, एकाच तिकिटावर पुढची गाडी मिळणार का, आणि ड्रायव्हर मिळाला नाही तर जबाबदार कोण, हे लेखी द्या. इथल्या हिवाळ्यात किसुकीच्या वरच्या भागात आठवडेच्या आठवडे गाडी बंद राहून टॅक्सीने माणसं नेल्याचे प्रसंग आहेत. रस्त्यावरचा बर्फ रुळावरच्यापेक्षा मऊ नसतो.

आणि शेवटची मागणी, जिला एक येनही लागणार नाही. परिषदेची एक बैठक बिंगो-ओचिआइच्या प्रतीक्षालयात घ्या. जानेवारीत. सगळ्यांनी गाडीनेच या, मोटारी हिरोशिमातच ठेवा. दुपारी तीन गाड्या भेटतात तेव्हा फलाटावर उभे राहा, कोण कुठून उतरून कुठे चढतं ते विचारा. मग बैठक सुरू करा. पूर्वेकडची पुढची गाडी रात्री आठच्या पुढे आहे, तेव्हा बोलायला वेळ भरपूर मिळेल. प्रतीक्षालय तापवलेलं नसतं. जाड मोजे आणा, डबा सोबत आणा, स्टेशनात काही मिळत नाही. चहाचा थर्मास मी आणतो.

आपला नम्र,
हिरोशिमात राहणारा एक मराठी प्रवासी
मूळ गाव : कारंजा (लाड), जिल्हा वाशीम